टेस्टरताईंची एक हिरवी चिठ्ठी

नोकरीच्या पहिल्याच दिवशी, माझी खुर्ची कोणती हे कळायच्या आत, एका बाईंनी माझ्या लॅपटॉपच्या चार्जरची वायर कात्रीनं कापून टाकली. पन्नाशी उलटलेल्या, ठेंगण्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला आणि काखेत पाटीएवढा पिवळा मीटर. त्यांनी माझा चार्जर उचलला, प्लगाकडची वायर दोन बोटांच्या चिमटीत धरून हळूहळू सरकवत नेली आणि मध्येच थांबल्या.

“हे कोणी कुरतडलं?”

“मुलीचा ससा आहे घरी,” मी म्हणालो. “पण अजून चालतो तो.”

“ससा की चार्जर?”

“दोन्ही.”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वायर माझ्या नाकासमोर धरली. रबराखाली तांब्याची तार केसासारखी चमकत होती. “स्टोअरमधून दुपारपर्यंत नवा मिळेल. हा कापू ना?” मी हो म्हणेपर्यंत कात्री चाललीसुद्धा होती. मग मात्र त्या हसल्या. “सशाला सांगा, नशीबवान आहेस म्हणावं. प्लग लावलेला नव्हता.”

सगळे त्यांना टेस्टरताई म्हणायचे. ते त्यांचं नाव नव्हतं, पण खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे ऐकल्याचं मला आठवत नाही.

आमचं डेटा सेंटर म्हणजे खिडक्या नसलेल्या चार मोठ्या खोल्या. आत कपाटांच्या रांगा आणि कपाटांत हजारो सर्व्हर. लोकांचे बँकेचे व्यवहार, दवाखान्यांचे कागद, प्रवासाची तिकिटं, सगळं त्या यंत्रांमधून वाहत असायचं, त्यामुळे ती क्षणभरही बंद पडून चालणार नव्हतं. या मोठ्या यंत्रांची काळजी घ्यायला इंजिनियरांची फौज होती. ताईंच्या वाट्याला आलं होतं ते उरलेलं सगळं: हातात उचलून इकडून तिकडे नेता येतं आणि ज्याला प्लग असतो ते. एक्स्टेन्शन बोर्ड, ड्रिल, टेबलफॅन, ढकलगाडीवरचा मॉनिटर, लेबल छापायचं मशीन, सफाईचा व्हॅक्यूम, चहाची किटली. एकूण पाचशे बावन्न वस्तू. प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीची रजिस्टरमध्ये एक ओळ आणि प्रत्येकीच्या प्लगाजवळ एक चिठ्ठी. हिरवी म्हणजे तपासलं, वापरा. लाल म्हणजे हात लावू नका.

“मोठ्या यंत्राला सगळे घाबरतात,” त्या म्हणायच्या. “किटलीला कोण घाबरतं? म्हणून माणूस किटलीपाशी सापडतो.”

दुसरी एक धास्ती त्यांना होती. कपाटांच्या आत सर्व्हरसाठी सॉकेटच्या पट्ट्या असतात. साफसफाईचं नाहीतर दुरुस्तीचं काही मशीन तिथे कोणी खुपसलं, की त्याचा भार पडून पट्टीचा ब्रेकर उडायचा आणि त्यावरचे सर्व्हर गप्प व्हायचे. मी येण्यापूर्वी एका दुरुस्तीवाल्यानं तसं केलं होतं, गरम हवा फेकणारी बंदूक लावून. चौदा सर्व्हर गेले. त्या दिवशी तोंडचं पाणी पळालेली माणसं अजून नोकरीत होती, आणि ताई ती गोष्ट नव्या माणसाला पुन्हापुन्हा त्यांच्याच तोंडून ऐकवायच्या. हातातल्या मशीनसाठी भिंतीवरचे निळे सॉकेट, कपाटातली पट्टी फक्त सर्व्हरसाठी. हे वाक्य ताई झोपेतही म्हणत असाव्यात. त्यांच्या यजमानांनी तसं सांगितलंही होतं एकदा.

यजमान शिंपी होते, शांत आणि खट्याळ. ताईंचं माहेर वडिलांच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या मागेच होतं. वडिलांची नजर लवकर कमी झाली, आणि मशीनच्या पाठीवरच्या पत्र्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवायला त्यांनी या मुलीला शेजारी बसवलं. अक्षरांवरून ती वायरकडे वळली आणि वायरवरून मीटरकडे. पुढे रीतसर शिक्षण घेतलं, एका इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये बारा वर्षं काढली आणि मग आमच्याकडे आल्या. वडिलांची एक सवय त्यांच्यात उतरली होती. मीटर लावण्याआधी त्या वस्तूला डोळ्यांनी बघायच्या, बोटांनी चाचपायच्या आणि नाकाजवळ नेऊन हुंगायच्या. जळकट वास त्यांना आम्हा सगळ्यांच्या आधी यायचा. एकदा मीटिंग चालू असताना त्या उठल्या, प्रोजेक्टरचा प्लग काढला आणि परत येऊन बसल्या. प्लग आतून काळा पडला होता.

इतकी कडक बाई, पण एका माणसापुढे विरघळायची. ती म्हणजे सफाईच्या मावशी.

मावशी सेंटरच्या नव्हत्या, ठेकेदाराच्या होत्या. ताईंपेक्षा चार वर्षांनी लहान, उंच, आणि आवाज असा की सर्व्हरच्या घरघरीतही ऐकू यावा. सर्व्हरच्या खोलीत झाडू चालत नाही, धूळ उडते. तिथे खास व्हॅक्यूम लागतो. मावशींकडे पत्र्याच्या अंगाचा एक जुना, जाडजूड व्हॅक्यूम होता. लांब सोंडेमुळे त्या त्याला हत्ती म्हणायच्या आणि त्याच्याशी बोलायच्याही. “चल रे, वळ आता. आज काय उपास आहे का? ओढ की जरा!” दुपारी दोघी ताईंच्या कामाच्या टेबलावर डबे उघडायच्या आणि जावई, सुना, गुडघे आणि ठेकेदार या चारही विषयांचा रोज निकाल लावायच्या. दोघींचं ‘अगं-तुगं’ होतं.

मी रुजू झाल्याला तीन वर्षं झाली असतील. वर्षाची मोठी तपासणी चालू होती. एका बड्या ग्राहकाची माणसं दुसऱ्या दिवशी सेंटर बघायला येणार होती, म्हणून पाचशे बावन्न वस्तू त्याच दिवशी संपवायच्या होत्या. त्यात यजमानांच्या डोळ्याचं ऑपरेशनही नेमकं त्याच सकाळी झालं होतं आणि त्यांना पाच वाजता घरी न्यायचं होतं. कामानं ताईंच्या नाकी नऊ आले होते. साडेचारला पाचशे एक्कावन्न झाल्या. राहिला हत्ती. तो चौथ्या खोलीत कामात होता. मावशी तो ओढत घेऊन आल्या तेव्हा ताई पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या.

हे मला ताईंनीच नंतर सांगितलं. त्यांनी वायरीवरून नजर फिरवली. प्लग बघितला. मीटर बॅगेत बंद झाला होता. “तुझा हत्ती मला पाठ आहे गं,” त्या म्हणाल्या. रजिस्टरमध्ये गेल्या वर्षीचाच आकडा उतरवला आणि हिरवी चिठ्ठी चिकटवली.

तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, दुसऱ्या खोलीत मोठ्यानं काहीतरी आपटलं. त्या शिफ्टचा मी प्रमुख होतो. धावलो. मावशी दोन कपाटांच्या रांगांमध्ये जमिनीवर पडल्या होत्या आणि उजवा हात डाव्यानं छातीशी धरला होता. हत्ती शेजारी गप्प. भिंतीवरच्या निळ्या सॉकेटचा ब्रेकर उडालेला होता.

“चावला,” त्या इतकंच म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आम्ही त्यांना इस्पितळात नेलं. शॉकनं काही बिघडलं नव्हतं, पण पडताना मनगट मोडलं होतं. सर्व्हरला धक्काही लागला नव्हता. त्यांची लाइन वेगळी होती आणि मावशींनी नियमाप्रमाणे निळाच सॉकेट वापरला होता. त्या सॉकेटला करंट भलतीकडे गळू लागला की क्षणात सप्लाय तोडणारा ब्रेकर होता. तो नसता तर ही गोष्ट मी अशी सांगत बसलो नसतो.

दुपारी हत्ती उघडला. वायर जिथे पत्र्याच्या अंगात शिरते, तिथे आतल्या आत झिजली होती. गळलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची तार तुटलेली, आणि करंटची तार उघडी पडून पत्र्याला टेकलेली. बाहेरून रबर शाबूत. डोळ्यांना काही दिसणार नाही असंच ते होतं. पण अर्थिंग तुटलेलं असलं की मीटर अर्ध्या मिनिटात सांगतो.

ताई ते बघत उभ्या राहिल्या. चष्मा गळ्यात तसाच लटकत होता.  मी म्हणालो, “ताई, बसा जरा.” त्या बसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. सेंटरचे प्रमुख साहेब, ठेकेदाराचा व्यवस्थापक, मी आणि ताई. व्यवस्थापक तयारीनं आला होता.

“मशीन तपासलेलं होतं. हिरवी चिठ्ठी आहे, रजिस्टरमध्ये आकडा आहे,” तो म्हणाला. “म्हणजे बिघाड नंतरचा. त्या बाई मशीन वायरीला धरून ओढतात, सगळ्यांनी पाहिलंय. वयही झालंय. त्यांना आता दुसऱ्या हलक्या कामावर… बघू.”

‘बघू’ म्हणजे काय, ते खोलीतल्या चौघांनाही कळलं. मावशींना घरी बसवणार.

“आकडा खोटा आहे,” ताई म्हणाल्या.

साहेबांनी मान वर केली. “खोटा म्हणजे?”

“मी मीटर लावलाच नव्हता. गेल्या वर्षीचा आकडा लिहिला आणि चिठ्ठी चिकटवली. घाई होती. घाई सगळ्यांनाच असते, ते कारण म्हणून लिहू नका.”

साहेब सज्जन माणूस. ताईंना पंधरा वर्षं ओळखत होते. ते शब्द जुळवत म्हणाले, “ताई, तार या तीन आठवड्यांत तुटलेली असू शकते. तुम्ही मीटर लावला असता तरी कदाचित ठीकच दाखवलं असतं. हे कोणालाच कळणार नाही.”

“बरोबर आहे साहेब. कोणालाच कळणार नाही. मीटर लावला असता तर कळलं असतं.”

त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. आदल्या संध्याकाळी घरी बसून लिहिला होता. तारीख, वेळ, काय केलं, काय केलं नाही. शेवटी एक ओळ होती: ‘मशीन वापरणाऱ्या बाईंनी सर्व नियम पाळले होते.’ त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या.

व्यवस्थापकानं कागद वाचला आणि खोकला. मावशींच्या वयाचा विषय पुन्हा निघाला नाही.

ताईंना लेखी समज मिळाली. तीन महिने मीटर वापरण्याचा आणि चिठ्ठी लावण्याचा अधिकार काढून घेतला आणि बाहेरून एक तपासनीस बोलावला, सगळ्या वस्तू पहिल्यापासून तपासायला. ताई रजिस्टर घेऊन त्याच्या मागून फिरायच्या, नंबर वाचायच्या. आम्हाला बघवत नव्हतं. त्यांनी मात्र त्या माणसाला एकदाही शिकवायला जायचं नाही असं ठरवलं होतं आणि पाळलं. मला वाटतं, त्या तीन महिन्यांत त्यांना सगळ्यात जड गेलं असेल ते हेच.

चौकशीच्या आठवड्यात मी त्यांना मावशींच्या घरी गाडीनं घेऊन गेलो. इमारतीला लिफ्ट नव्हती. ताई तीन मजले न थांबता चढल्या. दार सुनेनं उघडलं. आत पलंगावर मावशी, हात प्लॅस्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. ताई खुर्चीत बसल्याच नाहीत, उभ्यानंच म्हणाल्या,

“मी तुझा हत्ती तपासला नव्हता. न तपासताच चिठ्ठी लावली. चौकशीत सांगितलंय, पण तुला मी सांगायला हवं.”

मावशींनी प्लॅस्टरमधला हात उशीवर नीट ठेवला.  सून दारातच थबकली होती.

“मी बटण दाबते ना,” मावशी म्हणाल्या, “तेव्हा मशीनकडे बघत नाही. तुझ्या चिठ्ठीकडे बघते.”

“माहीत आहे.”

“मग?”

 ताईंचे डोळे भरून आले, पण पुसायला हात वर गेला नाही.

“मला राग आलाय,” मावशी म्हणाल्या. “आणि तो आज काही जायचा नाही. उगाच रडून घालवू नकोस.”

“बरं.”

“बस आता. जिने चढून तोंड लाल झालंय तुझं. अगं सूनबाई, चहा टाक. हिच्या कपात साखर कमी.”

आम्ही चहा घेतला.  निघताना मावशींनी माझ्याकडे बघून सांगितलं, “सावकाश न्या तिला.” ताईंकडे बघितलं नाही.

सहा आठवड्यांनी मावशी कामावर परत आल्या. नवा व्हॅक्यूम आला होता, प्लास्टिकच्या अंगाचा, हलका. पहिले काही दिवस त्यांनी डबा खाली, पहारेकऱ्यांच्या खोलीत खाल्ला. ताई आपल्या टेबलावर एकट्या बसायच्या आणि अर्धा डबा तसाच बंद करायच्या. मध्यस्थी करायची माझी हिंमत झाली नाही. मग एका दुपारी मावशी आल्या, नवा व्हॅक्यूम उचलून धाडकन ताईंच्या टेबलावर ठेवला.

“शिकव.”

“काय?”

“हे तपासायचं. यापुढे मी कोणाच्या चिठ्ठीवर बटण दाबणार नाही. माझं मी बघणार.”

“अगं, मला तीन महिने मीटरला हात लावायची मनाई आहे.”

“डोळ्यांना मनाई आहे का?”

ताईंना हसू आलं. कित्येक दिवसांनी आम्ही ते बघितलं. खुर्ची ओढून त्यांनी मावशींना बसवलं आणि सुरुवात केली प्लगापासून. पिना सैल आहेत का, तिन्ही आहेत का. वायर प्लगात शिरते तिथे वाकवून बघ. मशीनमध्ये शिरते तिथेही. कुठे चिकटपट्टी गुंडाळलेली असेल तर आत काहीतरी लपवलेलं आहे असं समज. वास घे. हे सगळं प्लग काढून. आणि शंका आली तर वापरू नकोस, मग समोर कोणी का उभं असेना.

“प्रमुख साहेब असले तरी?”

“ते असले तर आधी नको म्हण.”

त्या दिवसापासून मावशी म्हणजे आम्हा सगळ्यांची डोकेदुखी झाल्या. ताई वर्षातून एकदाच तपासायच्या. मावशी रोज. जाता-येता त्यांची नजर टेबलाखाली. “हा बोर्ड दुसऱ्या बोर्डात कोणी घातला? एकाच्या शेपटीला दुसरा बांधायचा नाही, किती वेळा सांगायचं?” एका मोठ्या अभियंत्याला त्यांनी भर खोलीत धारेवर धरलं, कारण त्यानं फोनचा चार्जर कपाटाच्या पट्टीत लावला होता. “तुमच्या फोनला भूक लागली म्हणून सर्व्हरच्या ताटात हात घालता होय?” तो इतका ओशाळला की त्यानंतर भिंतीवरच्या सॉकेटपाशी जाताना आधी मावशी कुठे आहेत ते बघायचा.

तीन महिने सरले. बाहेरच्या तपासनिसाला पाचशे बावन्नमध्ये फक्त दोन वस्तू खराब सापडल्या, त्याही नुकत्याच बिघडलेल्या. अधिकार परत देताना साहेबांनी ताईंना विचारलं, काही हवंय का. त्यांनी मीटर मागितला, नव्या प्रकारचा. त्यात चाचणी पूर्ण झाली आणि आकडा ठीक आला, तरच चिठ्ठी छापून बाहेर येते. हातानं लिहायची सोयच नाही. “मला पाठ असलेल्या वस्तू फार झाल्यात,” त्या म्हणाल्या. आपल्यावरच पहारा बसवून घेणारी बाई मी तरी दुसरी बघितलेली नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट लावून धरली, आणि त्यासाठी साहेबांच्या दारात वर्षभर खेटे घातले. मावशींना ठेकेदाराकडून काढून सेंटरच्या नोकरीत घ्यायचं, तपासणीची मदतनीस म्हणून. साहेब म्हणायचे शिक्षण कमी आहे. ताई म्हणायच्या तुमच्या तीन पदवीधरांना तिनं गेल्या महिन्यात पकडलंय. शेवटी साहेबांनी हात टेकले. मावशींना सेंटरचं ओळखपत्र मिळालं, फोटोत त्या पोलिसांसारख्या दिसत होत्या.

ताई निवृत्त व्हायला आठवडा होता तेव्हाची गोष्ट. नवी दहा-बारा मुलंमुली रुजू झाली होती आणि त्यांना सुरक्षेचे धडे द्यायचे होते. ताईंनी ते काम मावशींवर सोपवलं आणि स्वतः मागच्या रांगेत माझ्या शेजारी येऊन बसल्या. मावशी समोर उभ्या राहिल्या, पदर खोचला. कागद हातात होता, पण बघितला नाही. उजवं मनगट वर केलं. ते थोडं वाकडंच जुळलं होतं.

“हे बघा. माझ्या मशीनला हिरवी चिठ्ठी होती. मी चिठ्ठी बघितली, मशीन बघितलं नाही. ज्या माणसानं लावली होती त्यानं मीटर लावला नव्हता. माणूस चांगला होता, फार चांगला. तरी पडले ना मी? म्हणून सांगते, वापरायच्या आधी आपलं आपण बघायचं.”

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मग त्या माणसाचं काय झालं?”

मावशी उत्तर द्यायच्या आत माझ्या शेजारची खुर्ची सरकली. ताई उभ्या राहिल्या होत्या.

“तो माणूस मी,” त्या म्हणाल्या.

सगळी पोरं माना वळवून बघायला लागली.  मावशींनी कपाळावर हात मारला.

“अगं, तुझं नाव न घेता सांगत होते ना मी! एवढं जपून, शब्द शोधून… बस खाली.”

ताई बसल्या. आधी पुढची मुलगी हसली, मग सगळेच. ताईंनी तोंडावर रुमाल धरला, हसत होत्या की रडत होत्या ते मला शेजारी बसूनही कळलं नाही. मावशी थांबल्या, त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि मग पोरांकडे वळून म्हणाल्या, “चला, आता एकेकानं पुढे या. आपापला चार्जर घेऊन.”